चार प्रोसेसर आणि एक नंबर

संघाच्या संचालकांपुढे उभं राहून "चार प्रोसेसरचं मशीन घ्या, रांग निम्म्यावर येते की नाही बघा," असं मी छातीठोकपणे सांगितलं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. ती मुलगी आज कुठे भेटली तर आधी तिला चहा पाजीन आणि मग दोन शब्द सुनावीन.

तो दूध संघ आता राहिला नाही, कधीच दुसऱ्यात मिसळून गेला. पण दोन हजार साल तोंडावर आलं होतं त्या दिवसांत कोल्हापूरच्या आसपासच्या शेदीडशे गावांचं दूध रोज सकाळी ट्रकमधून आमच्या आवारात यायचं. ट्रक ज्या धक्क्याला लागायचे त्याला आम्ही डॉक म्हणायचो. हमाल एका संस्थेचे कॅन ओतायचे, वजन व्हायचं, आणि त्या दुधातली एक छोटी बाटली तपासणीला जायची. बाटलीवर संस्थेचं नाव नसे, फक्त नंबर. दूध कुणाचं आहे हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, हा त्यातला हेतू. नंबर कॉम्प्युटर देणार, नंबर आला की बाटली भरणार, आणि बाटली भरली की मगच पुढच्या संस्थेचे कॅन उचलायचे.

हा सगळा प्रोग्राम मी लिहिला होता. मी मूळची नेसरीकडची. घरात अर्धं बोलणं कानडीत. मी संघात कॉम्प्युटर चालवते म्हणजे नक्की काय करते, हे माझ्या अव्वाला, म्हणजे आईला, शेवटपर्यंत समजलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "एसीत बसून दूध मोजते." माझा विभाग म्हणजे मी, दोन ऑपरेटर आणि तो एसी. आमच्यापैकी एसी तेवढा कधी रजेवर जात नसे.

श्रावणापासून म्हशी व्यायला लागतात आणि दसऱ्यापर्यंत दुधाला उधाण येतं. त्या वर्षी ट्रकची रांग फाटकाबाहेर जायला लागली. सकाळी प्रत्येक डॉकवरचा माणूस पडद्याकडे बघत उभा, आणि नंबर काही येत नाही. मशीन जुनं झालं असा निष्कर्ष मी काढला. त्यात एकच प्रोसेसर होता, म्हणजे हिशोब करणारा मेंदू एकच. सगळ्या डॉकची मागणी त्याच्याकडेच जायची. नव्या सर्व्हरच्या माहितीपत्रकात छान रंगीत आलेख होता. प्रोसेसर एकाचे दोन, दोनाचे चार केले की डेटाबेसचं काम कसं झरझर होतं, ते दाखवणारी रेघ वर वर चढत गेली होती. मी ती रेघ संचालकांना दाखवली. त्यांनी ती मान तिरकी करून पाहिली आणि मंजुरी दिली.

मशीन टेम्पोतून आलं. नारळ फोडला, कुंकू लावलं. नारळाचं पाणी कुठे उडतंय यावर मात्र माझं बारीक लक्ष होतं. एका रविवारी सगळा डेटा जुन्यातून नव्यात हलवला. आमचे कार्यकारी संचालक, म्हणजे आमचे साहेब, इतके खूश झाले की एवढं दांडगं मशीन आहे तर चार डॉकवरच का थांबायचं म्हणून त्यांनी आणखी दोन डॉक उघडले. एकूण सहा झाले.

सोमवारी रांग पहिल्यापेक्षा लांब होती. मंगळवारी आणखी लांब. बुधवारी मी जेवणाचा डबा न उघडताच घरी नेला.

साधारण आठव्या दिवशी एक बाई माझ्या खोलीत आल्या. डोक्यावर पदर, हातात वायरची पिशवी. राधानगरीच्या पलीकडच्या एका गावात बायकांनी चालवलेली दूध संस्था होती, तिच्या त्या सचिव. त्यांनी पिशवीतून गुलाबी चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या कीबोर्डवर एकेक करून मांडल्या. अकरा होत्या, रांग फाटकाबाहेर गेली तेव्हापासूनच्या. प्रत्येकीवर एकच शेरा: दूध आंबट, परत.

त्या अजिबात रागावल्या नव्हत्या, त्यामुळे मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. त्यांचं म्हणणं असं की कॅन सोडा लावून, उकळत्या पाण्यानं त्या स्वतः उभं राहून धुऊन घेतात. गेली चार वर्षं एक चिठ्ठी आली नव्हती. आता गावातल्या जुन्या संस्थेचे पुरुष पारावर बसून बोलायला लागलेत.

"बायकांना कॅन धुयाला जमंना, संस्था काय चालवत्यात, असं म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आधी तुमची सचिवांची बैठक हाय. त्यात आमचं नाव वाचलं की आमची गाडी बंद. गाडी बंद झाली की संस्था बी गेली. तुमी एवढं बघा की काय झालंय ते."

नियम तसाच होता. महिनाभर वारंवार आंबट दूध आलं तर बैठकीत संस्थेचं नाव वाचून तिची गाडी बंद करायची. बैठकीला तेव्हा अडीच आठवडे उरले होते. मी त्यांना सांगितलं की दूध तपासणं माझ्याकडे नाही, तपासणी विभागात जा. हे खरं होतं आणि ते सांगताना मला माझीच लाज वाटली. कारण दूध का आंबतंय याचा अंदाज मला होता. त्यांचा ट्रक सगळ्यात लांबचा. तो नऊच्या सुमाराला यायचा, तेव्हा रांग सगळ्यात मोठी असायची. पहाटे पाचला काढलेलं दूध साडेअकरापर्यंत ऑक्टोबरच्या त्या कडक उन्हात पत्र्याच्या कॅनमध्ये उभं राहायचं. ते आंबणार नाही तर काय करणार?

मी पुण्याहून कंपनीच्या इंजिनिअरला बोलावलं. तो एसीत बसला, पडद्यावर चार उभे पट्टे काढले, एकेका प्रोसेसरचा एकेक. चारही पट्टे जमिनीला चिकटलेले. "मॅडम, मशीन तर रिकामं बसलंय," तो म्हणाला. मग मेमरी वाढवून बघा असा सल्ला देऊन, जेवून, दुपारच्या गाडीनं तो परत गेला.

मला राग येण्याची एक पद्धत आहे. आधी मी टेबल आवरते. त्या दिवशी टेबल आवरलं, कपाट आवरलं, आणि मग डोकं चालायला लागलं. मशीन रिकामं आहे आणि ट्रक उभे आहेत. म्हणजे मशीनला काम झेपत नाही हे खोटं. काम मशीनपर्यंत पोचतच नाही. मग ते अडतंय कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉकवर गेले. सांगायला लाज वाटते, पण ज्या डॉकसाठी प्रोग्राम लिहिला तिथे मी वर्षभरात पाय ठेवला नव्हता. फरशी ओली असते, चपला घसरतात, असं मी कारण सांगायची. त्या दिवशी चपला काढून ठेवल्या आणि तीन नंबरच्या डॉकवर मनगटातलं घड्याळ बघत उभी राहिले.

तीन नंबरवर डॉकचे प्रमुख स्वतः बसायचे. सगळा संघ त्यांना मामा म्हणायचा. पांढरी टोपी, भरघोस मिशा, आवाज असा की सहा डॉकवर एकाच वेळी ऐकू यावा. त्यांच्या पडद्यावर नंबर आला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला, मेणाच्या पेन्सिलनं बाटलीवर लिहिला, बाटली भरून खोक्यात ठेवली, वजन टाकलं. आता पडद्यावर प्रश्न आला: माहिती बरोबर आहे का? तिथे "हो"चं बटण दाबलं की संपलं. मामांनी बटण दाबलं नाही. त्यांनी हात धुतले. पंच्याला पुसले. चंची काढली, तळहातावर तंबाखू घेतली, नखानं चुना लावला, निवांत मळली, दोन टाळ्या दिल्या, चिमूट दाढेखाली ठेवली आणि मग एका बोटानं "हो" म्हणाले.

तेवढ्या वेळात मी बाकीच्या पाच पडद्यांकडे पाहिलं. पाचही थांबलेले. मामांचं बोट बटणावर पडताच शेजारच्या डॉकवर टुणकन नंबर उमटला. मी हे तीनदा पाहिलं. चौथ्यांदा माझा तोल गेला. हमाल, ड्रायव्हर, सगळ्यांसमोर मी मामांना म्हणाले, की तुमच्या तंबाखूपायी अख्खा संघ उभा आहे, लोकांचं दूध नासतंय, आणि मी आजच साहेबांना लेखी कळवणार आहे.

मामांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. अनवाणी पायांवर त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबली.

"बाई, माझी तंबाखू तीस वर्षाची हाय," ते म्हणाले. "कागदावर नंबर घालत हुतो तवा बी मळत हुतो. तवा दुसऱ्याचं डॉक कधी थांबलं न्हाई. आता का थांबतंय ते तू बघ की."

ड्रायव्हर हसले. मी चपला हातात घेऊन जिना चढले.

वर आल्यावर तक्रार लिहायला कागद घेतला. दोन ओळी झाल्या आणि पेन थांबलं. मामांचं म्हणणं खरं होतं. एका माणसानं तंबाखू मळली म्हणून बाकीचे पाच का थांबावेत? मी माझ्या प्रोग्रामचा छापील गठ्ठा काढला, भोकाभोकांचा तो लांबच लांब जोडलेला कागद, आणि दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनच्या टेबलावर पसरून लाल पेन घेऊन बसले. चहा येण्याआधीच सापडलं.

डेटाबेसमध्ये एक तक्ता होता आणि त्या तक्त्यात एकच ओळ: आजचा शेवटचा नंबर. एखाद्या डॉकनं नंबर मागितला की ती ओळ त्याच्यापुरती कुलूपबंद व्हायची, म्हणजे तोच नंबर दुसऱ्याला जाऊ नये. इथपर्यंत ठीक. पण कुलूप उघडायचं केव्हा? तर "हो" दाबल्यावर. बाटली भरणं, वजन टाकणं, हात धुणं, चुना लावणं, ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न कुठं जमलं ते विचारणं, एवढं होईपर्यंत ती ओळ बंद. बाकीचे डॉक त्या एका कुलपापुढे उभे. चार काय, चाळीस प्रोसेसर आणले असते तरी तेही तिथेच उभे राहिले असते. आणि डॉक चाराचे सहा केल्यावर कुलपापुढची माणसं तेवढी वाढली, वेग तोच राहिला आणि दूध रोज वाढत होतं, म्हणून रांग आणखी लांबली. सगळा उलगडा झाला. ते कुलूप माझ्याच हातचं होतं.

का घातलं होतं, तेही आठवलं. प्रोग्राम नवा असताना एकदा डॉकवर कुणीतरी "नाही" दाबलं आणि मधला एक नंबर वाया गेला. एकशे बारानंतर थेट एकशे चौदा. दुसऱ्या दिवशी तीन गावांचे चेअरमन माझ्या दारात. एकशे तेरा कुणाचा होता? कुणाची पाणी घातलेली बाटली लपवली? आमच्याकडे नंबर तुटला की संशय आलाच. मी इतकी घाबरले की नंबर पुन्हा कधीही तुटू नये म्हणून, एकाचा "हो" आल्याशिवाय पुढचा नंबर कुणालाच नाही, असा बंदोबस्त करून टाकला. बंदोबस्त चोख होता. त्यात बाकी सगळं अडकलं एवढंच.

तक्रारीचा कागद फाडला आणि मामांकडे गेले. माफी मागणं मला कधीच नीट जमत नाही. मी नुसतीच म्हणाले की चूक माझी आहे, तंबाखूची नाही. मामांनी खोकं पालथं घालून त्यावर बसायला सांगितलं. हेच त्यांचं उत्तर होतं.

माझा बेत सोपा होता: नंबर आधी न देता सगळ्यात शेवटी द्यायचा, "हो" दाबल्यावर. कुलूप निमिषभरच लागेल. मामांनी मान हलवली. दुधाच्या ओल्या बाटलीवर मेणाची पेन्सिल उमटत नाही, नंबर कोरड्या बाटलीवर आधीच घालावा लागतो. हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार कसं? मी एसीत बसून दूध मोजत होते.

मग त्यांनीच मार्ग काढला. बाटल्यांचं एक खोकं चाळीसचं. प्रत्येक डॉकला सकाळी खोक्याबरोबर चाळीस नंबर एकदम देऊन टाकायचे, एक ते चाळीस पहिल्याला, एक्केचाळीस ते ऐंशी दुसऱ्याला. ज्याचे संपतील त्यानं पुढचे चाळीस घ्यायचे. "आणि जे उरतील त्यांचं काय?" मी विचारलं. मला ते तीन चेअरमन दिसत होते. मामा म्हणाले, उरलेल्या कोऱ्या बाटल्या ड्रायव्हर लोकांसमोर मांडायच्या आणि त्यांचे नंबर मोठ्यानं वाचून वहीत लाल रेघ मारायची. लपवलंच नाही तर संशय कुठून येणार? वाचायचं काम ते स्वतः करणार होते.

दोन दिवसांत मी प्रोग्राम बदलला. कुलूप आता चाळीस बाटल्यांमागे एकदाच, डोळ्याची पापणी लवेपर्यंत लागायचं. बदलाच्या सकाळी मी सातलाच डॉकवर हजर होते, या वेळी रबरी चपला घालून. आठला सहाही डॉक आपापल्या चालीनं चालत होते. मामांनी माझ्याकडे बघत मुद्दाम नेहमीपेक्षा जास्त वेळ तंबाखू मळली. शेजारचा डॉक थांबला नाही. मी आनंदानं ओरडलेच, आणि एका हमालाच्या हातून कॅन निसटता निसटता राहिला. नऊला राधानगरीचा ट्रक आला तेव्हा त्याच्यापुढे दोनच गाड्या होत्या. सव्वानऊला त्या बायकांचं दूध ओतून झालं. त्या दिवशी गुलाबी चिठ्ठी निघाली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. कॅन तेच, म्हशी त्याच, धुणाऱ्या बायकाही त्याच.

इथे थांबले असते तर सुखी झाले असते. पण मला एक शंका छळत होती. पुण्याच्या इंजिनिअरला फोन करून प्रोसेसर बंद कसे करायचे ते विचारून घेतलं आणि एका सकाळी, दूध चालू असताना, एकेक करत तीन बंद केले. चारांतला एकच चालू. खिडकीतून खाली पाहिलं. रांग तशीच भराभर पुढे सरकत होती. कुणाला काही कळलंसुद्धा नाही. म्हणजे मशीन घ्यायची गरजच नव्हती. जुन्या मशीननं हे काम हसत केलं असतं. मी संचालकांपुढे दाखवलेली ती चढती रेघ आठवली आणि कपाळावर हात मारून घेतला.

साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले की हे मला सांगितलंस, पुष्कळ झालं. मशीन आलंय तर राहील, पुढे कामाला येईल. बैठकीत त्या बायकांना एक महिन्याची मुदत देऊन टाकतो, रस्ता खराब होता म्हणतो, विषय संपेल. तू काही यायची गरज नाही.

माझी नोकरी वाचत होती आणि त्या बायकांची गाडीही चालू राहत होती. मी मान डोलावली आणि बाहेर आले. जिन्यातच मला खटकायला लागलं. मुदत म्हणजे काय? चूक तुमचीच, पण या वेळी सोडून दिलं. पारावरच्या लोकांना आणखी काय हवं होतं?

बैठकीला गेले. सभागृहात दोनशे पुरुष आणि डावीकडे कोपऱ्यात दहाबारा बायका. यादी वाचली गेली. राधानगरीकडच्या त्या महिला संस्थेचं नाव पहिलंच होतं: वारंवार आंबट दूध, सुधारणेसाठी एक महिना मुदत. मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलेलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. जे सुचलं ते बोलले. दूध इथं, आपल्या आवारात उन्हात उभं राहून आंबलं. गाड्या उभ्या राहिल्या माझ्या प्रोग्राममुळे. मशीन कमी पडतंय असं मी सांगितलं होतं, तेही चुकीचं होतं. दोन्ही चुका माझ्या.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग एक जण मागून म्हणाला, "मग त्या मशीनचं आता लोणचं घालायचं व्हय?" आणि एकच हशा पिकला. मीसुद्धा हसले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

हशा विरल्यावर डावीकडून त्या सचिवबाई उठल्या. मशीनबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

"बाई, एवढंच सांगा," त्या म्हणाल्या. "आमच्या गावातनं निघतानं दूध चांगलं हुतं का न्हवतं?"

"चांगलं होतं," मी म्हणाले. "रोज चांगलं होतं."

त्यांनी पदर सारखा केला आणि मागे वळून, त्यांच्याच गावच्या जुन्या संस्थेचे लोक बसले होते त्या रांगेकडे पाहिलं.

"ऐकलं न्हवं?" त्या म्हणाल्या. "आता पारावर बी असंच मोठ्यानं सांगा." आणि त्या खाली बसल्या.